गच्चीवर चारशे चादरी

सकाळी सव्वादहा वाजता रेडिओ बोलता बोलता थांबली आणि लाँड्रीतल्या बाकीच्या दहाजणींनी एकदम माना वळवल्या.

तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं. सहाला पहिलं मशीन सुरू झाल्यापासून दुपारी दोनला सुटी होईपर्यंत तिचं तोंड बंद नसे, म्हणून सगळ्या तिला रेडिओच म्हणत. त्या दिवशी ती नणंदेच्या नव्या कपाटाबद्दल सांगत होती. “आणि त्या कपाटाचं दार...” एवढं म्हणाली आणि गप्प झाली. दाराचं पुढे काय झालं ते कळायच्या आत ती धुतलेल्या चादरींच्या ढिगावर आडवी पडली होती.

मुकादमबाईंनी हातातली चादर टाकली, ओल्या कपड्यांची ढकलगाडी रिकामी केली, चौघींनी मिळून रेडिओला तिच्यात ठेवलं आणि अंगण ओलांडून तिला अपघात विभागात नेलं. रुग्णालयाची लाँड्री असल्याचा एवढा एक फायदा होता, डॉक्टर पन्नास पावलांवर. पण तिथेही त्या सकाळी ऊन लागलेली माणसं आधीच रांगेत होती. एक गवंडी, ट्रकवर माल चढवणारे दोघं, भाजीची गाडी लावणारे एक म्हातारे गृहस्थ. तरुण डॉक्टरांनी रेडिओच्या काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि ही कुठून आली म्हणून विचारलं. तुमच्याच घरातली आहे, असं मुकादमबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत रेडिओ उठून बसली आणि कपाटाचं दार उलटं बसवल्याची हकीकत तिने नर्सला पूर्ण करून सांगितली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण त्या उन्हाळ्यात पडलेली ती तिसरी होती.

मुकादमबाईंना लाँड्रीत सव्वीस वर्षं झाली होती. त्या लागल्या तेव्हा उन्हाळ्यात असे चार-सहा दिवस यायचे की अंगाची लाही व्हायची. मग त्या दिवसांचा पंधरवडा झाला, पंधरवड्याचा महिना. आता थंडी पुरती सरायच्या आतच शेडचे पत्रे तापायला लागत आणि पहिला पाऊस पडला तरी निवत नसत. शेड होती इमारतीच्या मागच्या अंगाला. आत धुण्याची तीन मशीनं, दोन मोठे ड्रायर, इस्त्रीचा लांबलचक रूळ, आणि भिंतीपलीकडे या सगळ्यांना वाफ पुरवणारा बॉयलर. औषधांच्या भांडारात भिंतीवर तापमापक टांगलेला होता. माणसांनाही तो चालतो का, असं भांडारपालांना विचारून बाईंनी तो उन्हाळ्यापुरता उसना आणला होता. रेडिओ पडली तेव्हा त्याच्यावर सेहेचाळीस अंश होते, आणि अजून दुपार व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी त्यांना बोलावून घेतलं.

अधीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आरोग्य खात्याचं एक परिपत्रक होतं. त्यात पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की उन्हाळे दरवर्षी कडक होत जाणार आहेत, तरी प्रत्येक रुग्णालयाने रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना गारवा मिळेल अशी तजवीज करावी. दुसऱ्या परिच्छेदात होतं की इंधनाचा वापर तीन वर्षांत एक तृतीयांशाने कमी करावा. दोन्ही परिच्छेद एकाच कागदावर शेजारी शेजारी होते आणि अधीक्षकांना ते एकमेकांचे हाडवैरी वाटत. गारवा हवा तर यंत्रं वाढवा, इंधन वाचवायचं तर यंत्रं काढा. त्यांनी हात टेकले होते. चादरी बाहेरच्या ठेकेदाराकडे धुवायला द्यायच्या, शेड बंद करायची, बायकांना वॉर्डांत साफसफाईला घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणाची नोकरी जाणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मुकादमबाईंनी ऐकून घेतलं. त्यांना ठेकेदाराच्या चादरी माहीत होत्या. मागे मशीन बिघडलं तेव्हा आठ दिवस आल्या होत्या. निम्म्या ओलसर, आणि शस्त्रक्रियेच्या चादरींत एकदा कुणाची तरी विजार. त्यांनी एवढंच विचारलं की पाऊस सुरू होईपर्यंत थांबता येईल का. त्याला अकरा आठवडे होते.

“अकरा आठवड्यांत तुम्ही काय करणार?” अधीक्षकांनी विचारलं.

“अजून ठरलेलं नाही. पण सव्वीस वर्षं मी ती शेड बघतेय. तुम्ही ती तीनदा बघितली असेल.”

अधीक्षक हसले आणि त्यांनी फाइल बाजूला ठेवली. चौथी बाई पडली तर मात्र थांबता येणार नाही, एवढी अट घातली.

बाईंचं घर रुग्णालयाच्या कुंपणालगतच्या चाकरमान्यांच्या खोल्यांत होतं. खाली त्या आणि त्यांचे यजमान, वर धाकटे दीर आणि जाऊ. यजमान रुग्णालयाचे शिंपी. लाँड्रीच्याच एका कोपऱ्यात मशीन घेऊन बसत आणि फाटलेल्या चादरी, डॉक्टरांचे झगे सांधत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तोंडात कायम टाचण्या असल्यामुळे ते दिवसाला चार वाक्यं बोलत आणि ती पुरत. दीर म्हणजे भाऊजी, बॉयलर चालवणारे. त्यांचं प्रमाणपत्र बॉयलरखोलीत चौकटीत लावलेलं होतं आणि बॉयलरच्या पितळी चकत्या ते रोज स्वतः घासत. जाऊ म्हणे, माझ्या भांड्यांना इतकी चकाकी कधी आली नाही.

सुटीच्या दिवशी बाईंनी घरच्या चादरी धुऊन अंगणातल्या तारेवर टाकल्या. सात होत्या. सातवी टाकून, बादली विसळून, दाराशी ठेवलेला चहा पिऊन त्या वळल्या, तर पहिली चादर वाळली होती. नुसती वाळली नव्हती, पापडासारखी कडक झाली होती. बाई तिथेच उभ्या राहिल्या. तिकडे शेडमध्ये डिझेल जाळून वाफ करायची, वाफेने हवा तापवायची, त्या हवेत चादरी चाळीस मिनिटं घुसळायच्या, आणि सगळी उष्णता उरून बायकांच्या अंगावर यायची. इकडे आभाळ तेच काम वीस मिनिटांत करत होतं. ज्या उन्हाने तीन बायका पाडल्या, त्यालाच कामाला का लावू नये?

रात्री नको, जेवतानाच सांगून टाकावं म्हणून त्यांनी संध्याकाळी सगळ्यांसमोर विषय काढला. उन्हाळाभर दोन्ही ड्रायर बंद. चादरी गच्चीवर. मास्तरांनी मान हलवली. जाऊ म्हणाली, छान. भाऊजींनी ताट सरकवलं, हात धुतले आणि मग दाराशी जाऊन म्हणाले,

“ड्रायर बंद म्हणजे बॉयलर अर्धा बंद. मग माझा पगारही अर्धा करणार का वहिनी, की मीच अर्धा यायचं?”

बाई म्हणाल्या, तसं कुणी म्हटलेलं नाही. ते म्हणाले, म्हणायला कशाला हवं. त्यानंतर सहा आठवडे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायचं असलं की जावेमार्फत बोलत, मग तिघं एकाच पायरीवर बसलेली का असेनात. “वहिनींना सांग, उद्या पाणी उशिरा येणार.” “भाऊजींना सांग, ऐकू आलं.” जाऊ सुरुवातीला इमानाने निरोप पोचवी. पुढे कंटाळून तिने मधले मधले शब्द स्वतःचे घालायला सुरुवात केली, आणि एकदा तर “ते म्हणतात, तुमची भाजी बरी झाली होती” असा निरोप दिला. भाऊजींनी तो नाकारलाही नाही.

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण भाऊजींनी अधीक्षकांना लेखी हरकत दिली. गच्चीवर कबुतरं आहेत, धुळीचं वादळ कधीही येतं, आणि रक्तापुवाच्या चादरी उन्हात वाळवून चालत नाहीत, असे तीन मुद्दे. बाईंना कळलं तेव्हा त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. घरातल्या माणसाने कागद करावा? पण कागद वाचल्यावर त्यांनी तो घडी करून ठेवला आणि स्वतःच प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. मुद्दे खोटे नव्हते. शंका काढली असेल तर ती फिटलेली बरी.

डॉक्टरीणबाईंनी पाच दिवस तपासणी केली. ड्रायरच्या चादरी, गच्चीवरच्या चादरी, गच्चीवरून येऊन इस्त्रीच्या तापल्या रुळाखालून गेलेल्या चादरी, अशा सगळ्यांचे नमुने घेतले. निकाल स्वच्छ आला. रुळाखालून गेलेली उन्हातली चादर ड्रायरच्या चादरीच्या तोडीस तोड होती. रक्तापुवाच्या कपड्यांबाबत मात्र त्यांनी भाऊजींची बाजू घेतली. ते उकळायचे, ड्रायरमध्येच वाळवायचे. म्हणजे एक ड्रायर चालू राहणार. बाईंनी तिथल्या तिथे मान्य केलं आणि वॉर्डांत दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्या द्यायला लावल्या, म्हणजे कपडे तिथेच निवडले जातील.

मग गच्ची. रुग्णालयाच्या सुताराने मोडीत निघालेले सलाइनचे लोखंडी स्टँड जोडून उंच केले, सिमेंट भरलेल्या डब्यांत रोवले आणि त्यांच्यामध्ये तारा ओढल्या. कबुतरांसाठी कठड्यावर जाळी आली. स्ट्रेचर नेण्याचा उतार तिसऱ्या मजल्यापर्यंत होता. तिथवर ढकलगाडी जाई. पुढचा एक जिना मात्र ओझी डोक्यावर घ्यावी लागत. मुकादमबाईंनी नियम घातला तो एकच. सकाळी साडेसहा ते बारा गच्ची, बारा ते चार कुणीही वर पाऊल टाकायचं नाही, चारनंतर पाळीपाळीने चौघींनी उतरवायला परत यायचं. शेवटचा घाणा साडेअकराला वर जाई, साधारण चारशे चादरी, आणि त्या वाळल्या तरी चारपर्यंत तशाच वर लोंबत राहत. रेडिओने विचारलं, वीस मिनिटांत वाळतात तर चार तास कशाला? बाई म्हणाल्या, चादरी ऊन खाऊ देत, तू नको खाऊस.

शेडमधला एक ड्रायर बंद झाल्यावर पारा सेहेचाळिसावरून चव्वेचाळिसावर आला. डिझेल बरंच वाचत होतं, पण दोन अंशांनी कुणाचं समाधान होणार? बाईंचंही झालं नाही.

दहाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर लाँड्रीत आल्या. त्या आल्या की उशांच्या हरवलेल्या अभ्र्यांवरून भांडण ठरलेलं. सगळ्याजणी आपापली उत्तरं तयार ठेवून उभ्या राहिल्या. सिस्टरांनी मात्र अभ्र्यांचा विषयच काढला नाही.

“आमच्या डोक्यावर तुम्ही काय केलंत?” त्यांनी विचारलं.

बाईंना वाटलं, पाणी गळतंय. त्या कारणं द्यायला लागल्या. सिस्टरांनी हाताने थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं की गेले आठ दिवस दुपारनंतर पंखे गरम हवा फेकेनासे झालेत. बाळंतिणी झोपायला लागल्यात. तान्ह्यांच्या अंगावरचं घामोळं कमी झालंय. वॉर्डातलं तापमान त्या रोज संध्याकाळी पाचला तक्त्यावर लिहीत. आधी तिथे एकोणचाळीस असायचे, आता पस्तीस. त्यांनी तक्ताच आणला होता.

मुकादमबाई तक्ता घेऊन थेट अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षकांचा विश्वास बसेना. दुपारी तीन वाजता डोक्याला रुमाल बांधून ते स्वतः गच्चीवर चढले. नियम मोडायला नको म्हणून बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. चारशे चादरींच्या सावलीत अधीक्षक वाकले आणि त्यांनी गच्चीच्या फरशीला तळहात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग दोन पावलं बाजूला उघड्या फरशीवर लावला आणि चटका बसल्यासारखा उचलला. चटका बसलाच होता. पांढऱ्या चादरींनी ऊन वरच्या वर अडवलं होतं, फरशी तापली नव्हती, आणि फरशी तापली नाही म्हणून खालच्या वॉर्डाचं छत तापलं नव्हतं. एवढं साधं होतं. खाली आल्यावर अधीक्षक पाण्याचे दोन पेले प्यायले. मग म्हणाले, ते दोन परिच्छेद एकाच बाजूचे निघाले की.

आता गच्चीचा उरलेला भागही झाका म्हणून सिस्टर मागे लागल्या. पुरुषांच्या वॉर्डाचे ब्रदरही आले. तेव्हा मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. दुपारभर असं ऊन खाल्लं तर चादरी वर्षात विरतील, असं ते म्हणाले. सुताची ताकद उन्हाने जाते. नव्या चादरी वाळल्या की उतरवायच्या, सावलीसाठी मोडीतल्या वापरायच्या. त्यांच्या मागच्या खोलीत वर्षानुवर्षांच्या फाटक्या चादरींचे गठ्ठे होते. त्यांनी चार-चार थर एकावर एक घालून, कडेला जाड दोरी शिवून मोठमोठी छतं तयार केली. पंधरा दिवसांत अठरा छतं. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असे, पण बाईंनी त्यांना इतक्या खुशीत क्वचितच पाहिलं होतं. त्या पंधरवड्यात ते दिवसाला सहा-सहा वाक्यं बोलत.

छतं तारांवर चढली. चांगल्या चादरी त्यांच्याखाली सावलीत आणि वाऱ्यावर वाळू लागल्या, वीसऐवजी पस्तीस मिनिटं लागत, पण विरायची भीती गेली.

आणि मग वादळ आलं.

दुपारचे पावणेतीन झाले होते. पश्चिमेकडून तपकिरी भिंत उठली आणि पाच मिनिटांत अंगणातलं झाड दिसेनासं झालं. छतं फडफडली, दोन दोऱ्या तुटल्या. जाळीने कबुतरं अडत होती, धूळ कशी अडणार? वादळ निवल्यावर बाई नियम बाजूला ठेवून वर गेल्या. चारशेच्या चारशे चादरी मातकट झाल्या होत्या. बोट फिरवलं की रेघ उमटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात शस्त्रक्रिया होत्या आणि कपाटात जेमतेम दोघांना पुरतील एवढे कपडे. आणि बॉयलर एक वाजताच थंड झाला होता, कारण आता तेवढाच लागत होता. हा सगळा बेत बाईंचाच होता.

त्या कपडेही न झटकता घराकडे निघाल्या. वाटेत त्यांनी तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली आणि तिन्ही टाकून दिली. वरच्या मजल्याचं दार उघडंच होतं. भाऊजी खाटेवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते.

जाऊ सवयीने पुढे झाली. बाईंनी तिला बाजूला केलं.

“भाऊजी, मला वाफ हवी. सगळ्या चादरी परत धुवायच्यात.”

“माहितीये. खिडकीतून वादळ दिसलं तेव्हाच उठलो,” भाऊजी म्हणाले. “पाऊण तास लागेल. तोवर मशीनं गार पाण्यावर फिरवून घ्या, धूळ आधी निघू दे. गरम पाण्यात टाकलीत तर डाग बसेल.”

हे बाईंना सुचलं नव्हतं. पाऊण तासही लागला नाही. अडतीस मिनिटांत वाफ आली. बायकांना सुटी झालेली होती तरी आठजणी परत आल्या, रेडिओ सगळ्यांच्या आधी. दोन्ही ड्रायर सुरू झाले. उजेड असेतोवर सगळं काम आटोपलं, आणि शस्त्रक्रियेचे कपडे बांधून वर गेले.

शेवटचा घाणा फिरत असताना भाऊजींनी बाईंना बॉयलरखोलीत बोलावलं. भिंतीतून शेडमध्ये येणाऱ्या पाइपांकडे बोट दाखवलं. हात लावू नका म्हणाले. जवळ हात नेला तरी धग लागत होती.

“या पाइपांवर पूर्वी आवरण होतं. नऊ वर्षांपूर्वी गळून पडलं. पुऱ्या शेडभर उघडी वाफ फिरतेय, वहिनी. तुमच्या पत्र्यापेक्षा जास्त हे तापवतं. ड्रायर बंद करून दोन अंश उतरले ना? मी सांगू शकलो असतो तेवढेच उतरतील म्हणून.”

त्यांनी कप्प्यातून कागद काढले. आवरणासाठी केलेले अर्ज, तीन, तीन वेगवेगळ्या अधीक्षकांच्या नावे. तिन्हींच्या पोचपावत्या नीट जोडलेल्या. बाईंनी ते एकेक करून वाचले. सव्वीस वर्षं मी ती शेड बघतेय, असं त्या कुणाला तरी ऐटीत म्हणाल्या होत्या. पण भिंतीच्या या बाजूने त्यांनी ती कधी बघितलीच नव्हती.

“तुम्ही मला एवढं तरी सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही एकदम सांगितलंत.”

बाईंनी तिन्ही अर्ज नीट लावून त्यांच्या हाती दिले. मग म्हणाल्या, “चुकलं माझं. आता विचारते. आणखी काय काय माहितीये तुम्हाला?”

भाऊजींनी खुर्ची पुढे केली आणि बसा म्हणाले, कारण यादी लांब होती.

चौथा अर्ज दोघांच्या सहीने गेला. सोबत बाईंनी डिझेलचा तक्ता लावला आणि सिस्टरांनी वॉर्डाचा. या वेळी मंजुरीला चार दिवस लागले. पाइपांवर जाड आवरण चढलं, गळके व्हॉल्व्ह बदलले, पत्र्याच्या माथ्यावर गरम हवा बाहेर जायला झरोके पाडले. बॉयलर दुरुस्तीची जड साखळी-कप्पी भाऊजींनी गच्चीच्या कठड्यावर बसवली, त्यामुळे ओल्या चादरींची गाडी अंगणातून थेट वर जाऊ लागली आणि जिन्यावरची ओझी बंद झाली. पहिल्यांदा गाडी वर गेली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि भाऊजी उगाचच साखळीला तेल घालत बसले. वादळाचा इशारा आता हवामान खात्याकडून आधी अधीक्षकांच्या फोनवर आणि तिथून बाईंच्या फोनवर येई. इशारा आला की चादरी खाली, वाफ तयार. त्या उन्हाळ्यात आणखी दोनदा आला, आणि दोन्हीदा गच्ची वेळेआधी रिकामी होती.

शेडमधला पारा एकोणचाळिसावर आला. गार म्हणावं असं ते नव्हतं, पण काम होत होतं. चौथी बाई पडली नाही. पावसाळा लागला तशी ठेकेदाराची फाइल अधीक्षकांनी बंद केली आणि बाईंना त्याबद्दल काही सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. पावसात दोन्ही ड्रायर पुन्हा चालू झाले, तरी आवरणामुळे डिझेल आधीच्या निम्म्याहून थोडं अधिक लागत होतं. भाऊजींचा पगार पूर्णच राहिला. बॉयलर थंड असेल त्या वेळात सगळ्या इमारतीतल्या पाण्याच्या आणि वाफेच्या पाइपांची देखभाल त्यांच्याकडे आली, आणि ते अधिकच मिजाशीत वागायला लागले, असं जाऊ सांगे.

थंडी संपता संपता गच्चीवर सौर पट्ट्या बसवायच्या असा आदेश आला. वॉर्डांतले पंखे आणि औषधांची शीतपेटी त्यांच्यावर चालणार होती. अभियंता तरुण होता, हुशार होता, नकाशा संगणकावर सुरेख काढून आणला होता. पट्ट्या फरशीपासून दोन फुटांवर. अधीक्षकांनी नकाशा मुकादमबाईंना आणि भाऊजींना दाखवायला सांगितलं, याचं त्याला जरा नवल वाटलं.

बाईंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. दोन फुटांखाली फक्त मांजर जाईल, असं त्यांचं मत पडलं.

“साडेसात फूट करा,” त्या म्हणाल्या. “पट्ट्या सावली देतील, फरशी गार राहील, आणि खाली आमच्या चादरी वाळतील. धूळही कमी बसेल.”

अभियंता म्हणाला की इतक्या उंचीवर वारा पट्ट्या उचलून नेईल. हा प्रश्न खरा होता आणि त्याने तो प्रामाणिकपणे मांडला. भाऊजींनी पेन्सिल मागितली. नकाशाच्या कोऱ्या बाजूला त्यांनी खांब काढले, खांबांना तिरपे आधार काढले, आणि गच्चीखालच्या तुळया कुठून कुठे जातात ते आखून दाखवलं, कारण पाइपांच्या मागे फिरताना त्यांनी त्या एकेक पाहून ठेवल्या होत्या. खांब तुळईवरच उभे राहिले पाहिजेत, मधल्या फरशीवर नाही. अभियंत्याने आकडे घातले, खोडले, पुन्हा घातले. दुपारपर्यंत तिघं त्या टेबलाशी होती. सात फुटांवर हिशेब जुळला. साडेसातला आणखी चार खांब लागत होते.

“सात चालतील?” त्याने बाईंना विचारलं.

बाईंनी उभं राहून हात वर केला. कडेने टाकलेली चादर, वर तार, आणि तारेवर चिमटा लावणारा बाईचा हात, एवढं त्यांनी हवेतच मोजलं. मग लाँड्रीतल्या सगळ्यांत बुटक्या आणि सगळ्यांत उंच अशा दोघींना बोलावून घेतलं आणि भिंतीपाशी उभं करून दोघींना हात वर करायला लावले. अभियंत्याने टेप धरला.

सात फूट दोन इंच ठरले, तेवढे त्याच खांबांवर बसत होते. अभियंत्याने तिथेच नकाशावर आकडा बदलला आणि खाली सहीसाठी तीन जागा आखल्या.